धाकापुरता लसूण

उग्र वासाच्या औषधावर आपला फार लवकर विश्वास बसतो. काढा कडू नसेल तर तो काढाच नव्हे. बाम लावून डोळ्यांतून पाणी आलं नाही तर डोकं दुखायचं थांबलं असं कुणी कबूल करत नाही, आणि फिनेलचा वास जिन्यापर्यंत गेल्याशिवाय फरशी पुसली हे आमच्या घरात कुणी मान्य करत नाही. शेतातही हाच न्याय चालतो. फवारलेल्या प्लॉटजवळून जाताना नाकाला रुमाल लावावा लागला की जाणारा मान डोलावतो : जोरदार औषध मारलेलं दिसतंय. लसणाच्या अर्काला गावोगाव जी प्रतिष्ठा मिळाली आहे तिच्यातला निम्मा वाटा या वासाचा असावा असा माझा संशय आहे. कीड गेली की नाही हे चार दिवसांनी कळतं. अर्क मारला आहे हे मात्र पंचक्रोशीला त्याच संध्याकाळी कळतं.

माझे मामा जुन्नर तालुक्यात भाजीपाला करतात. टोमॅटो, मिरची, थोडी वांगी, बांधाला दोडक्याचा मांडव. उद्या अर्काचा दिवस आहे हे घरच्यांना आदल्या रात्रीच समजतं, कारण जेवणं झाल्यावर सगळ्यांच्या पुढ्यात लसूण ओतला जातो. ठेचायचाच आहे तर सोलायचा कशाला, असं मी विचारून पाहिलं. मामा म्हणाले, "अगं, सालं नोझलमध्ये अडकतात. मग पंप पाठीवरून उतरवून पिनेनं टोचत कोण बसणार, तू?" मी गुपचूप सोलायला लागले.

पुढचा प्रश्न ठेचण्याचा. मामींनी मिक्सर द्यायला साफ नकार दिलेला आहे. एकदा त्यांचा डोळा चुकवून मामांनी तो वापरला होता, आणि त्यानंतर केलेल्या खोबऱ्याच्या वड्या पाहुण्यांनी एक-एक तुकडा खाऊन अतिशय आदरानं बाजूला ठेवल्या. तेव्हापासून या कामाला परसातला पाटा-वरवंटा. चटणीसारखा बारीक वाटायचा, पाण्यात कालवायचा, जुन्या धोतराच्या फडक्यातून घट्ट पिळून गाळायचा, भरपूर पाणी घालून पातळ करायचा आणि त्यात साबणाचं थोडंसं पाणी टाकायचं. साबण स्वच्छतेसाठी नसतो. पानांवर मेणाचा पातळ थर असतो, त्यावरून नुसतं पाणी घरंगळून जातं. साबणामुळे ते पसरतं आणि टिकतं. कृषी सेवा केंद्रात यासाठी 'स्टिकर' नावाची बाटली मिळते. मामा म्हणतात, साबण घरात आहेच.

यापुढे मात्र एकमत संपतं. पुरणपोळी आणि लसणाचा अर्क या दोन गोष्टींत प्रत्येक घराची स्वतःची रीत असते आणि शेजारच्या घराची चुकीची असते. कुणी लसणाबरोबर हिरवी मिरची वाटतो. कुणी गोमूत्राशिवाय हात लावत नाही. जुन्या कृतींत ठेचलेला लसूण रात्रभर रॉकेलमध्ये भिजवायला सांगितलेला असतो. त्या कृती आता आपोआप मागे पडल्या, कारण रेशनवरचं रॉकेलच दिसेनासं झालं. पिकाच्या दृष्टीनं ते बरंच झालं म्हणायचं. रॉकेल नीट मिसळलं नाही तर किडीआधी पानं करपतात. मग दशपर्णी अर्क. त्यात कडुनिंब, निर्गुडी, सीताफळ, करंज, एरंड अशा दहा झाडांचा पाला महिनाभर कुजत ठेवतात. नाव दहा पानांचं असलं तरी लसूण आणि मिरची त्यात हटकून असतातच, अकरावे आणि बारावे म्हणून. महिनाभरानंतर त्या ड्रमचं झाकण उघडणाऱ्या माणसाला घरात काही काळ वेगळं बसवतात.

सुभाष पाळेकर हे अमरावती जिल्ह्यातले, नैसर्गिक शेतीसाठी २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेले. त्यांच्या पद्धतीत गोमूत्र, कडुनिंब, तंबाखू, हिरवी मिरची आणि लसूण यांच्या मिश्रणाला 'अग्निअस्त्र' म्हणतात. शिवाय नीमास्त्र आहे, ब्रह्मास्त्र आहे. ही नावं मला मनापासून आवडतात. समोर शत्रू कोण, तर मिरचीच्या पानाखाली दाटीवाटीनं बसलेला, टाचणीच्या डोक्याएवढा मावा. त्याच्यावर आपण सोडतोय काय, तर ब्रह्मास्त्र. पण ज्यानं डोळ्यांसमोर अख्ख्या वाफ्याचा चुरडा-मुरडा झालेला पाहिला आहे त्याला हे नाव अजिबात मोठं वाटत नाही.

आता खुद्द लसणाबद्दल. हा गडी गाठीत असेपर्यंत अगदी सज्जन असतो. शाबूत पाकळी नाकाशी धरा, फारसा वास येत नाही. तिच्या पेशीत अलिइन नावाचा एक गंधहीन पदार्थ असतो आणि अलिनेज नावाचं एक विकर असतं. दोघं एकाच पेशीत राहतात, पण मध्ये पडदा आहे. पाकळीला दात लागला, सुरी लागली, वरवंटा लागला की पडदा फाटतो, दोघं भेटतात आणि काही सेकंदांत अ‍ॅलिसिन तयार होतं. आपण ज्याला लसणाचा वास म्हणतो तो या भेटीतून निघतो. म्हणजे लसूण हे शस्त्र घेऊन हिंडत नाही. शस्त्राचे दोन सुटे भाग वेगवेगळ्या खिशांत ठेवतो आणि कुणी अंगावर आलं तरच जोडतो. अ‍ॅलिसिन १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या दोघांनी वेगळं काढलं. ते बुरशीच्या, जिवाणूच्या पेशीत शिरतं आणि तिथल्या गंधकधारी विकरांना चिकटून त्यांचं कामकाज बंद पाडतं.

म्हणूनच लसूण आधी उकळून मग अर्क काढणाऱ्यांना मामांच्या ओट्यावर फार ऐकून घ्यावं लागतं. उकळल्यावर विकर मरतं, पडदा फाटून उपयोग काय? ही गोष्ट मामांना रसायनशास्त्रातून कळलेली नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की उकडलेल्या लसणाला धार राहत नाही. मी त्यांना अलिनेजची हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "तेच म्हणतोय मी कधीपासून."

लसणाचा हा संसार प्रयोगशाळेत गेला त्याची एक हकिगत मला विशेष प्रिय आहे, कारण ती आपल्या मुंबईत घडली. १९७१ साली 'सायन्स' या जगप्रसिद्ध नियतकालिकात अमोणकर आणि बॅनर्जी या दोघांचा एक शोधनिबंध आला : लसणातलं डासांच्या अळ्या मारणारं द्रव्य नेमकं कोणतं. त्यांनी डायअलील डायसल्फाइड आणि डायअलील ट्रायसल्फाइड ही दोन नावं पुढे आणली. हे काम झालं कुठे, तर ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात. एका बाजूला अणुभट्ट्या आणि दुसरीकडे लसूण सोलणं चाललंय, हे चित्र मी कितीदा तरी मनाशी रंगवलं आहे. सुरक्षारक्षकानं दारावर पिशवी तपासली असेल तेव्हा काय झालं असेल? आणि संध्याकाळी लोकल पकडून घरी गेल्यावर, दिवसभर अणुसंशोधन केंद्रात होतो हे हाताच्या वासावरून घरच्यांना कसं पटलं असेल?

नंतर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातल्या स्लुसारेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लसणाचा रस करप्यावर चालतो का हे टोमॅटोच्या रोपांवर फवारून पाहिलं. त्या करप्याचा बुरशीसारखा जीव म्हणजे एकोणिसाव्या शतकात आयर्लंडचा बटाटा खाऊन टाकणारा तोच. रसानं रोग कमी झाला. ब्रिटनमध्ये गाजराच्या शेतात सूत्रकृमींसाठी लसणाच्या अर्काचे तयार दाणे बियांबरोबर मातीत पेरतात. युरोपीय संघाच्या मान्यताप्राप्त पीकसंरक्षक द्रव्यांत लसणाचा अर्क नावानिशी आहे. मामांना हे सांगितल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला : तिकडे सोलतं कोण?

मला सगळ्यात गंमत वाटली ती चीनच्या कामाची. शान्शी प्रांतात यांगलिंग नावाचं गाव आहे, तिथल्या कृषी विद्यापीठातल्या मंडळींनी काकडी, वांगी आणि मिरचीवर लसणाचा पाण्यातला अर्क वर्षानुवर्षं तपासला. त्यांचा प्रश्न कीड मेली का, एवढाच नव्हता. झाडाला स्वतःला काय वाटलं, असा होता. तर असं दिसलं की अगदी पातळ अर्क फवारला की रोपं जोमानं वाढतात, पानातला हिरवेपणा सुधारतो, आणि रोगाशी लढताना लागणारी झाडाची आपली विकरं रोग येण्याआधीच कामाला लागतात. तोच अर्क दाट केला की उलटं : वाढ अडते, मुळं आखडतात.

म्हणजे झाड पातळ अर्काला थोडंसं घाबरतं, आणि त्या भीतीनं सावध होऊन अभ्यासाला लागतं. आमच्या शाळेत एक गुरुजी टेबलावर छडी ठेवून खुशाल वर्तमानपत्र वाचत बसायचे. छडी त्यांनी कुणावर उगारल्याचं मला आठवत नाही, पण त्यांच्या तासाला पाढे सगळ्यांचे पाठ असत. शेजारच्या वर्गातले गुरुजी मात्र छडी वापरत, आणि त्यांच्या वर्गात कुणी तोंडच उघडत नसे. लसणाची योग्य मात्रा म्हणजे टेबलावरची छडी. धाकापुरता. आणि इथेच वासावर विश्वास ठेवणाऱ्या आपल्या स्वभावाची पंचाईत होते. कारण ज्या मात्रेत झाडाचं भलं होतं त्या मात्रेत रस्त्यानं जाणाऱ्याला धड वासही येत नाही. मग औषध मारलं हे लोकांना कळणार कसं?

मामा फवारायला गडी लावतात तेव्हा हाच घोळ होतो. मामांनी सांगितलेलं प्रमाण गड्याला नेहमी कंजूषपणाचं वाटतं. मालकानं पैसे वाचवले असं समजून तो आपल्या मनानं दोन तांबे जास्त ओततो, निव्वळ प्रेमापोटी. त्या ओळीतली मिरची मग काही दिवस रुसून बसते, पानांच्या कडा पिवळ्या पडतात. त्याच्याशी वाद घालता येत नाही. 'जास्त दिलं तर जास्त चांगलं' हे आपल्याकडे फवारणीपुरतं नाही. लग्नातल्या जिलबीलाही आपण हाच नियम लावतो.

आपल्याकडे झाडाला जोम आणणाऱ्या फवाऱ्याला शेतकरी 'टॉनिक' म्हणतात. हा शब्द दवाखान्यातून शेतात आला आणि शेतात जास्त रुळला. कितीतरी वर्षं टॉनिकच्या बाटलीत काय आहे हे बाटलीलाच ठाऊक असायचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं अशा जैव उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणलं आणि त्यात वनस्पतींच्या अर्कांचा एक वर्ग केला. आता बाटलीवर आतलं काय ते लिहावं लागतं. मामांच्या बादलीला हा आदेश अर्थातच लागू नाही, कारण ते विकत नाहीत. पण तिच्यात काय आहे हे सांगायला लेबलची गरजही पडत नाही.

अर्काच्या मर्यादा लोक सांगत नाहीत, कारण घरच्या औषधाला नावं ठेवणं म्हणजे घरच्यांना नावं ठेवण्यासारखं वाटतं. पण त्या आहेत. वांग्याचे शेंडे आणि फळं पोखरणारी अळी एकदा आत शिरली की बाहेर तुम्ही लसूण मारा नाहीतर अत्तर, तिला पत्ता लागत नाही. अ‍ॅलिसिन टिकाऊ नाही, त्यामुळे ठेवलेल्या अर्काची धार उतरत जाते. उन्हात तो आणखी लवकर जातो, आणि पावसाची एक सर आली की सगळी सोलणावळ वाहून जाते. म्हणून ताजा करायचा आणि उन्हं उतरल्यावर मारायचा. संध्याकाळचं आणखी एक कारण आहे. दिवसा फुलांवर मधमाश्या असतात. लसूण शत्रू-मित्र ओळखत नाही. माव्याला खाणारे ढालकिडे, त्यांच्या अळ्या, याही त्याच फवाऱ्याखाली येतात. झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत कुणाची असेल तर त्यानं अग्निअस्त्रात पडणारा तंबाखूही झाडपालाच आहे हे लक्षात घ्यावं. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला फडकं बांधूनच फवारावं. मामा बांधत नाहीत. मामी ओरडतात.

आमच्या आजीचा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांनी अजून हातात घेतलेला नाही. ती चातुर्मास पाळते. आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याची भजी आणि लसणाची चटणी यांना यथासांग निरोप देते आणि मग चार महिने दोन्हींचं नाव काढत नाही. नेमक्या याच चार महिन्यांत पावसाळी हवेनं भाजीवर कीड आणि रोग चढतात आणि मामांचा वरवंटा सुरू होतो. तेव्हा लसूण फवारलेला दोडका चातुर्मासात चालतो का? लसणाबद्दल एक जुनी कथा आहे : अमृत प्यालेल्या राक्षसाचं मस्तक विष्णूनं उडवलं, त्याचं रक्त जमिनीवर सांडलं आणि त्यातून लसूण उगवला. म्हणून त्यात अमृताचे गुणही आहेत आणि खाऊ नये असंही आहे. आजीच्या मते फवारण्यात अमृत तेवढं झाडाला जातं आणि राक्षस धुऊन निघतो, सबब दोडका चालतो. वांग्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "वांगं चातुर्मासात मी तसंही खात नाही. त्याच्यावर काय मारायचं ते मारा. फक्त चंपाषष्ठीच्या भरताला चांगलं निघू दे." तेव्हा खंडोबाच्या नैवेद्याच्या वांग्यावर आषाढ-श्रावणात पडलेला लसूण, आणि मग त्याच वांग्याच्या भरतात मार्गशीर्षात उघडपणे पडलेला लसूण, असा एकूण हिशेब आहे. वांग्याला दोनदा भेटूनही तो कुठेच आगंतुक वाटत नाही.

हिशेबावरून आठवलं. २०२४ मध्ये लसूण किरकोळ बाजारात किलोला चारशेच्या घरात गेला, तेव्हा मामांच्या ओट्यावरची सोलण्याची बैठक बंद पडली. तेवढ्या पैशांत औषधाची बाटली येते, आणि ती सोलावी लागत नाही. बिनखर्चाच्या शेतीचं गणित लसूण घरचा असेल तरच बसतं. त्या हंगामात मामींनी लसूण डब्यात घालून डबा वरच्या फळीवर ठेवला होता, आणि मामांनी मिरचीचं निंबोळी अर्कावर भागवलं. वासाची सवय झालेल्या शेजाऱ्यांनी विचारलं, यंदा फवारलं नाही का?

म्हणून मग मामांनी पुढच्या रब्बीत स्वतःच लसूण लावला. ऑक्टोबरात पाकळ्या टोचल्या, पात छान उठली. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय त्यांना फार लांब नाही, तिथे जाऊन सगळं विचारून आले. आणि माघात एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाजात हसू आणि वैताग दोन्ही. लसणावर फुलकिडे पडले होते.

हे पुस्तकात आहे, मला ठाऊक होतं. कांदा आणि लसूण या दोघांचा सगळ्यात मोठा शत्रू फुलकिडाच. तो पातीच्या बेचक्यात बसून रस ओढतो आणि पात पांढुरकी, वाकडी करतो. त्यात भर म्हणून जांभळा करपा ही बुरशी. म्हणजे ज्याच्या नावानं आपण अख्ख्या शिवारातली कीड घाबरवतो, त्याच्याच घरात कीड पाय पसरून बसलेली. शिवाय लसणाला बी धरत नाही, पाकळीपासून पाकळी अशीच त्याची वंशावळ चालते, त्यामुळे एका पिढीत शिरलेले विषाणू पुढच्या पिढीला आपसूक वारशात मिळतात. दुसऱ्याची दुखणी बरी करणाऱ्याचं स्वतःचं इतकं काही चालू असतं, हे वाफ्यात उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

"मग आता लसणावर काय मारणार?" मी विचारलं.

"निंबोळी अर्क," मामा म्हणाले. "दुसरं काय मारणार? लसणावर लसूण मारला तर त्याला वाटेल घरचंच कुणी आलंय."

मी त्यांना सांगितलं की तेलंगणात कडुनिंबाची झाडंच्या झाडं शेंड्याकडून वाळत आल्याच्या बातम्या २०२१ पासून येत होत्या. त्यामागे बुरशी असल्याचं शास्त्रज्ञ सांगतात. कडुनिंबालाच रोग पडला तर त्याच्यावर काय फवारायचं?

पलीकडे थोडा वेळ नुसता पंपात हवा भरल्याचा आवाज येत होता. मग मामा म्हणाले, "एवढ्या उंच झाडावर आपला पंप पोचत नाही. तू दुसरं काहीतरी विचार."